राउंड थ्रेड म्हणजे टोकं घासलेला व्ही थ्रेड नाही

"कॅडमध्ये 60 डिग्रीचा व्ही थ्रेड काढा, टोकांना फिलेट (गोलाई) मारा, झाला राउंड थ्रेड" हे वर्षानुवर्षं फिरतंय. स्क्रीनवर तसाच दिसतो म्हणून पटतंही, पण नट बसत नाही. डीआयएन 405 या राउंड थ्रेडच्या जर्मन मानकात कोन 30 डिग्री असतो, खोली पिचच्या (लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर) निम्मी आणि पिच इंचावर ठरते, म्हणजे 6 टीपीआय (एका इंचात 6 आटे) असेल तर 25.4 भागिले 6, पिच 4.233 मिमी, खोली साधारण 2.12, बाहेरच्या थ्रेडची त्रिज्या पिचच्या 0.2385 पट म्हणजे जवळपास 1 मिमी. तपासायला मॉडेल बरोबर अक्षातून कापा (तिरकं कापलंत तर कोन चुकीचाच दिसणार) आणि कोन मोजा. लेथवरही 60 डिग्रीचा इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) नको, तो बाजूचं मटेरियल जास्त खातो, फॉर्म टूल (थ्रेडच्याच आकाराचं टूल) घ्या किंवा सीएनसीवर बारीक गोल इन्सर्टने थोडं थोडं सरकत प्रोफाइल काढा.