‘टेक-ऑफ’ हा शब्द उगाच उच्चारायचा नाही

तांत्रिक शब्द म्हणजे तज्ज्ञ लोकांनी भाव खाण्यासाठी काढलेली भाषा, असं सर्रास बोललं जातं. पण पायलट आणि टॉवरमधून त्यांना सूचना देणारे कंट्रोलर रेडिओवर जे ठरीव शब्द वापरतात ते कशातून आलेत हे कळलं की असं म्हणवत नाही.

२७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरीफ बेट. धुकं इतकं की टॉवरमधून रनवे दिसत नव्हता, आणि रनवेवर दोन जंबो जेट. त्यातल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानाचा को-पायलट म्हणाला, “आम्ही आता टेक-ऑफवर आहोत.” कंट्रोलरला वाटलं रनवेच्या टोकाला परवानगीची वाट बघत थांबलेत, प्रत्यक्षात विमान धावायला लागलं होतं. कंट्रोलर “ओके” म्हणाला, क्षणभराने “थांबा, मी सांगतो” म्हणाला, पण नेमकं तेव्हाच दुसऱ्या विमानातले, पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचे पायलट “आम्ही अजून रनवेवरच आहोत” असं सांगायला लागले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये स्पष्ट पोचलं ते फक्त “ओके”, पुढे कर्कश शिट्टी. दोन्ही विमानं आदळली, ५८३ माणसं गेली.

ही शिट्टी येते कुठून? विमानाचा रेडिओ एएम असतो, म्हणजे आवाज लहरीच्या उंचीतल्या बदलातून पाठवला जातो. एकाच चॅनलवरच्या दोन ट्रान्समीटरच्या कॅरियर लहरी, म्हणजे आवाज वाहून नेणाऱ्या मूळ लहरी, तंतोतंत सारख्या नसतात, कोट्यवधी हर्ट्झमध्ये (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक कंपन) हजारभर हर्ट्झचा फरक सहज पडतो. रिसीव्हरमध्ये दोन्हींची बेरीज होते आणि त्या बेरजेची उंची फरकाइतक्या वेळा दर सेकंदाला कमी-जास्त होते. एएम रिसीव्हर उंचीतल्या बदलालाच आवाज समजतो, म्हणून तो फरकच शिट्टी होऊन ऐकू येतो. याला हेटरोडाइन म्हणतात. एफएममध्ये, म्हणजे उंचीऐवजी कंपनांचा वेग बदलून आवाज पाठवतात त्या रेडिओत, जोरदार सिग्नल दुबळ्याला गिळून टाकतो, दुसरं कोणी बोलत होतं याचा पत्ताच लागत नाही, एएममध्ये निदान तेवढं तरी कळतं. विमानं अजून एएमवर आहेत त्याचं हे एक मोठं कारण.

  

आता नियम असा की ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त परवानगी देताना किंवा रद्द करताना, एरवी ‘डिपार्चर’. नुसतं ‘ओके’ किंवा ‘रॉजर’ चालत नाही, परवानगी जशीच्या तशी परत म्हणून दाखवावी लागते. ‘रॉजर’चा अर्थही एवढाच की निरोप मिळाला, हो म्हटलं असं नाही. ‘नाइन’ला ‘नाइनर’ म्हणतात, कारण खरखरीत तो ‘फाइव्ह’सारखा ऐकू येतो. आणि ‘अफर्मेटिव्ह’ऐवजी ‘अफर्म’, कारण बोलण्यासाठी दाबायचं रेडिओचं बटण उशिरा दाबलं गेलं आणि शब्दाची सुरुवात कापली गेली तर ‘अफर्मेटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ दोन्हींचं उरतं ते फक्त ‘टिव्ह’.