जुनी मारुती ८०० कामाला देण्यापूर्वी: आधी पत्रा, रंग सगळ्यात शेवटी

आमच्या गॅरेजमध्ये जुनी गाडी घेऊन येणारे ग्राहक बहुतेक वेळा दोनच प्रश्न विचारतात. "सगळा मिळून खर्च किती येईल?" आणि "आधी रंग मारून घेऊया का, बाकीचं मग सावकाश बघू?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर गाडी वर उचलून, आतले मॅट काढून बघितल्याशिवाय देता येत नाही. दुसऱ्याचं उत्तर आत्ताच देतो: नको. हे पत्रक मुख्यतः त्यासाठीच छापलं आहे. तुमचा पैसा आणि आमचा वेळ सगळ्यात जास्त जातो तो आधीच रंगवून आणलेल्या गाडीपायी.

आम्ही झेन आणि जुनी अल्टोही घेतो, पण हातखंडा ८०० चा. डिसेंबर १९८३ मध्ये ही गाडी पहिल्यांदा ग्राहकाच्या हातात पडली, १९८६ मध्ये तिची बॉडी बदलली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. तीस वर्षं निघालेल्या गाडीचे पार्ट अजून मिळतात आणि परवडतात. कोल्हापुरात तर उद्यमनगरात इंजिनाचं बोअरिंग, हेड ग्राइंडिंग, क्रँकचं काम हाकेच्या अंतरावर होतं. बेताच्या पैशात मनासारखी उभी राहील अशी जुनी गाडी हवी असेल, तर आम्ही आजही हिचंच नाव सांगतो.

रंग आधी का नको

८०० ला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. फ्लोअर, दोन्ही बाजूंचे रनिंग बोर्ड (दारांखालच्या पोकळ पट्ट्या), पुढचे ॲप्रन (बॉनेटखालचे दोन्ही बाजूंचे पत्रे) हा पत्राच गाडीचा सांगाडा आहे. पुढचे शॉकॲब्सॉर्बर ॲप्रनला वरून बांधलेले असतात, मागचे ट्रेलिंग आर्म फ्लोअरच्या खालच्या बाजूला. हा पत्रा सडला म्हणजे गाडी फक्त कुरूप होत नाही, कमजोर होते. दार उघडल्यावर खाली लोंबतं, नीट लागत नाही, अलाइनमेंट करून आणली तरी पंधरा दिवसांत गाडी परत एका बाजूला ओढते. ग्राहक बिजागरी बदलतो, टायर बदलतो, आणि खरं दुखणं मॅटखाली तसंच राहतं.

कोकणातून आणि गोव्यातून घाट चढून येणाऱ्या गाड्यांत हे सर्रास दिसतं, कारण खारी हवा. पण कोल्हापूरच्या, गगनबावड्याकडच्या गाड्याही मागे नाहीत. पुढच्या काचेचं रबर कडक झालं की पावसाचं पाणी डॅशबोर्डमागून उतरतं आणि ड्रायव्हरच्या पायाखाली, फोमच्या आत साठतं. वरून मॅट कोरडी दिसते. रनिंग बोर्डच्या तळाला पाणी निघायला बारीक भोकं दिलेली असतात. ती चिखलाने, नाहीतर कुणीतरी मारलेल्या काळ्या डांबरी कोटिंगने बुजलेली असतात आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो. बॅटरीखालचा ट्रे ॲसिडने खाल्लेला असतो. दारांच्या खालच्या कडा आणि मागच्या चाकांच्या कमानींचंही तेच.

हे दुरुस्त करायचं म्हणजे वेल्डिंग आलं. रनिंग बोर्डला बाहेरून सुंदर रंग असेल आणि आतल्या बाजूला वेल्डिंगची उष्णता लागली, तर रंग फुगतो, करपतो. काचा काढताना रबराच्या कडेचा रंग उडतो. इंजिन काढताना-बसवताना बॉनेटखालच्या कडांना थोडेफार ओरखडे येतातच, कितीही जपलं तरी. म्हणजे आधी केलेला रंग पुन्हा करावा लागतो आणि त्याचे पैसे दोनदा जातात.

त्याहून वाईट म्हणजे गंजावरच पुट्टी भरून केलेला रंग. ओल धरलेल्या भिंतीला डिस्टेंपर मारावा तसा तो प्रकार. पहिल्या उन्हाळ्यात गाडी चकाचक दिसते, पावसाळ्यात पुट्टीखाली ओलावा धरतो आणि दिवाळीला फोड येतात. अशी गाडी आमच्याकडे आली की पुट्टी खरवडून उघड्या पत्र्यापर्यंत जायलाच आमच्या टिंकरचे (पत्र्याचं काम करणाऱ्याचे) दिवस मोडतात. ते काम तुमच्या बिलात येतं आणि त्यातून गाडीला नवं काहीच मिळत नाही. म्हणून गाडी नुकतीच रंगवून आणली असेल तर आम्ही ते आधी स्पष्ट विचारतो. कृपया खरं सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

घरीच बघून घ्या

फडक्यात गुंडाळलेलं साधं लोहचुंबक घ्या आणि रनिंग बोर्ड, चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा यांवरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे खाली जाड पुट्टी आहे. मग पुढच्या दोन्ही बाजूंचे मॅट आणि फोम पूर्ण उचला, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फ्लोअर ठोका. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला भद्द वाजतो. एवढं केलंत तर फोनवरही आम्ही थोडाफार अंदाज सांगू शकतो. नुसता बाहेरून काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून किंमत विचारली तर मात्र आम्ही आकडा सांगत नाही. सांगितला तर तो खोटा ठरेल आणि मग तुमचा आमच्यावरचा विश्वास जाईल.

आमच्याकडे पत्र्याचं काम कसं होतं

सीट, फोम, वायरिंग आणि पेट्रोलची लाइन आधी बाजूला करतो. बॅटरी सोडवतो, आणि एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाली) गाडी असेल तर ईसीएमही (इंजिनाचा कॉम्प्युटर) काढून ठेवतो. सडका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापतो. गंजावर नवा तुकडा चढवून चिकटवत नाही. फ्लोअरला २० गेजचा पत्रा वापरतो आणि सीओटू (गॅस आणि तारेच्या) वेल्डिंगने थोडं थोडं, जागा बदलत टाके घेतो. एका दमात लांब वेल्डिंग केलं तर पातळ पत्रा वाकतो. नंतर इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर, आणि रनिंग बोर्डच्या पोकळीत आतून वॅक्स. तळाची भोकं मोकळी ठेवतो. प्रत्येक टप्प्याचे फोटो तुम्हाला पाठवतो, कारण हे काम पूर्ण झाल्यावर दिसत नाही आणि ज्याने पैसे दिले त्याला ते बघायला मिळालंच पाहिजे.

"दुसरीकडे निम्म्यात करून देतात" असं ऐकायला मिळतं. देत असतील. कापण्याऐवजी वरून पत्रा ठोकून काळं कोटिंग मारलं तर निम्म्यातच होतं. गंजावर मारलेलं कोटिंग ओलावा आत कोंडून ठेवतं आणि पत्रा अधिक लवकर जातो. कोटिंग आम्हीही मारतो, पण प्रायमर झालेल्या स्वच्छ पत्र्यावर.

बजेट कमी असेल तर

टप्प्याटप्प्याने करा, पण क्रम बदलू नका. पहिल्या टप्प्यात पत्रा, ब्रेक, टायर आणि पेट्रोलच्या नळ्या. नळ्यांचं मुद्दाम सांगतो: आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं आणि जुन्या गाडीचं मूळ रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. नळ्या फुगतात, चिरतात, कार्बोरेटरमधली गॅस्केटं खराब होतात. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालायला फार पैसे लागत नाहीत, आणि आग लागण्याचा धोका टळतो.

दुसऱ्या टप्प्यात इंजिन. इथे उलट आम्ही तुम्हाला हात आखडायला सांगतो. तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) चांगलं आणि सारखं असेल तर इंजिन खोलू नका. सकाळी स्टार्ट करताना थोडा निळा धूर येऊन थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्ह सीलचं काम असतं, बोअर-पिस्टनचं नव्हे. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे ठाऊक नसेल तर तो बदला, सोबत वॉटर पंप बघून घ्या. आम्ही कॉम्प्रेशन तुमच्यासमोर मोजतो आणि आकडे लिहून देतो.

रंग आणि आतली सीट-कापडाची कामं तिसऱ्या टप्प्यात. मधे सहा महिने गाडी प्रायमरवर फिरली तर चारचौघांत बरी दिसत नाही, हे मान्य. काहीजण त्यासाठीच घाई करतात. पण पत्रा नीट झालेली, ठिगळाच्या रंगाची गाडी तुम्हाला बिनधोक गोव्याला नेऊन आणते.

पार्ट आधी घेऊन ठेवू नका

८०० म्हटलं की सगळ्या सारख्याच असं वाटतं. पण कार्बोरेटरवाली, चार गिअरची एमपीएफआय आणि २००० मध्ये आलेली १२ व्हॉल्व्ह, पाच गिअरची यांची इंजिनं आणि बरेच पार्ट वेगळे आहेत. १९८६ च्या आधीची असेल तर बॉडीचे पार्टही जुळत नाहीत. भंगारबाजारात स्वस्त दिसलं म्हणून घेतलेलं हेड किंवा गिअरबॉक्स शेवटी घरी पडून राहतं. चासी नंबर आम्हाला कळवा, पार्टची यादी आम्ही देऊ. मग तुम्ही कुठूनही आणा, आमची हरकत नाही.

मॉडिफिकेशन: काय करू, काय करत नाही

सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक पडतो हेडलाइटच्या रिलेने (बॅटरीचा करंट थेट दिव्याला जोडणारा छोटा स्विच). जुन्या वायरिंगमध्ये सगळा करंट स्विचमधून फिरून येतो आणि दिव्यापर्यंत पोहोचेपर्यंत व्होल्टेज पडतं. बॅटरीपासून जाड वायर आणि दोन रिले टाकले की तोच साधा ६०/५५ वॅटचा बल्ब लख्ख पडतो. १००/९० चे बल्ब आम्ही बसवत नाही. त्याने होल्डर वितळतात आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येतं.

१३ इंची चाकांची मागणी खूप असते. मूळ टायर १४५/७० आर १२ आहे, त्याचा व्यास साधारण ५०८ मिलिमीटर. १५५/६५ आर १३ घातला तर तो ५३२ च्या आसपास जातो. म्हणजे स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी जवळपास ६३ ने पळत असते, आणि ७९६ सीसीच्या लहान इंजिनाला चढावर गिअर जड वाटतो. आंबा किंवा फोंडा घाट नेहमी चढत असाल तर १२ इंचीच चांगले टायर घाला. शहरातच फिरवायची असेल आणि चाक कुठे घासत नसेल, तर विचार करू.

झेन किंवा एस्टीमचं इंजिन ८०० मध्ये बसवून देता का, असं तरुण मुलं विचारतात. आम्ही करत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल गाडीत करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच काढेल. गाडीचा रंग बदलायचा असेल तरीही आरटीओत नोंद करावी लागते. ते ठरलं असेल तर रंगाच्या आधी सांगा.

कागदपत्रं

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी गाडी आरटीओत प्रत्यक्ष दाखवावी लागते, म्हणून पत्रा, ब्रेक आणि दिवे झाल्यावर जा. पर्यावरण कर आणि पीयूसीचं बघून ठेवा. नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागते. "माझी गाडी व्हिंटेजमध्ये जाईल का" असंही विचारतात. त्या नोंदणीला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात, सगळ्यात पहिल्या ८०० लाही अजून वेळ आहे. आरसी दुसऱ्याच्या नावावर असेल किंवा तिच्यावर बँकेचा बोजा असेल तर आधी ते निस्तरा. मालकी स्पष्ट नसलेल्या गाडीचं मोठं काम आम्ही घेत नाही.

आणखी एक: चासी नंबर ठोकलेल्या पत्र्यावर कुणालाही ग्राइंडर किंवा पुट्टी लावू देऊ नका. नंबर पुसट झाला तर आरटीओत चासी प्रिंट (नंबरचा कागदावरचा ठसा) निघत नाही आणि उत्तम झालेली गाडी कागदावर अडकते. आमच्याकडे तो भाग टेपने झाकूनच काम सुरू होतं.

गाडी आणताना

तपासणीचे पैसे आम्ही आधी घेतो आणि काम आमच्याकडे दिलंत तर बिलातून वजा करतो. तपासणीचा लेखी कागद तुमचा. तो घेऊन दुसरीकडे गेलात तरी चालेल. काम चालू असताना नवं काही सापडलं तर फोन केल्याशिवाय हात लावत नाही, त्यामुळे फोन उचला. तुमचा निरोप मिळेपर्यंत गाडी रॅम्पवर अडून राहते आणि मागे थांबलेल्या ग्राहकाचं काम खोळंबतं.

जून ते सप्टेंबर आम्ही बाहेरच्या रंगाचं काम घेत नाही. हवेत ओल असली की रंगाची चमक मारली जाते. त्या महिन्यांत पत्रा आणि इंजिन करतो, रंगाचे नंबर दसऱ्यानंतर लागतात. गणपतीला रंगवलेली गाडी दारात हवी असेल तर पत्र्यासाठी दिवाळीनंतर लगेच या, म्हणजे पावसाआधी रंगही उरकेल.

येताना आरसी, विमा, पीयूसी, दोन्ही किल्ल्या आणि आधीच्या कामांची बिलं आणा. काढून ठेवलेले जुने पार्ट, तुटलेल्या क्लिपा, काचेच्या पट्ट्या, मूळ हबकॅप काहीही टाकू नका. एका पोत्यात घालून गाडीबरोबरच पाठवा, त्यातलं बरंच परत वापरता येतं.