स्टेंट-ग्राफ्ट (परिघीय, म्हणजे हातापायांकडे जाणार्‍या, धमन्यांतील)

स्टेंट म्हणजे धमनीत बसवायची जाळीची नळी. स्टेंट-ग्राफ्ट म्हणजे कृत्रिम आवरण चढवलेला धातूचा स्टेंट. ‘कव्हर्ड स्टेंट’ हे त्याचे रुळलेले नाव. साधा स्टेंट अरुंद झालेली वाट उघडी धरतो, पण त्याच्या जाळीच्या छिद्रांतून रक्त बाहेर जाऊ शकते. स्टेंट-ग्राफ्ट धमनीला आतून नवी भिंतच देतो. जाळी बहुधा निटिनॉल या निकेल-टायटॅनियम मिश्रधातूची असते आणि आवरण पीटीएफई (टेफ्लॉनच्या जातीचे प्लास्टिक) किंवा पॉलिएस्टरचे.

खर्‍या अर्थाने तो कामी येतो तो धमनी फाटल्यावर. गळपट्टीच्या हाडामागची धमनी फाटली, तर बाहेरून तिथे पोहोचायला कधीकधी छाती उघडावी लागते. त्याऐवजी जांघेतल्या किंवा हातातल्या धमनीत सुई घालून बारीक तार जखमेपलीकडे नेतात आणि तिच्यावरून मिटलेला स्टेंट-ग्राफ्ट सरकवतात. क्ष-किरणांत दिसणारा डाय धमनीत सोडल्यावर पडद्यावर धमनीबाहेर पसरणारा काळा ढग दिसत असतो. नळी नीट उघडली की पुढच्या चित्रात तो नसतो. गुडघ्यामागच्या धमनीचा फुगा, कमरेतल्या इलियाक धमनीचे आजार, मांडीतल्या धमनीचा लांब अडथळा आणि जुन्या स्टेंटमध्ये पुन्हा झालेला अडथळा यांसाठीही तो वापरतात.

युक्रेनमधल्या खार्कीव्हचे शल्यचिकित्सक निकोलाय वोलोदोस यांनी 1985 मध्ये स्वतः घडवलेला स्टेंट-ग्राफ्ट इलियाक धमनीत बसवला. अर्जेंटिनाचे शल्यचिकित्सक हुआन पारोदी यांनी 1990 मध्ये ब्युनोस आयर्सला पोटातल्या महाधमनीच्या फुग्यावर असाच उपचार केला. त्याचा गाजावाजा अधिक झाला, पण वोलोदोस यांचे श्रेय विसरता कामा नये.

मापाला फार महत्त्व आहे. नळी धमनीपेक्षा किंचित मोठी हवी. फार मोठी घेतली तर आवरणाला चुण्या पडून गुठळी धरते, लहान पडली तर कडेने रक्त झिरपते. आवरणामुळे मधल्या भागात ऊती आत शिरत नाहीत, पण दोन्ही टोकांशी वाट पुन्हा अरुंद होऊ शकते. शिवाय वाटेतल्या उपशाखा झाकल्या जातात. त्यामुळे नळी अचानक बंद पडली, तर पायाला पर्यायी रक्तपुरवठा उरेलच असे नाही. सतत दुमडणार्‍या गुडघ्यामागे हा धोका जास्त. म्हणून चांगली शीर उपलब्ध असलेल्या तरुण रुग्णात तिथे शिरेचा बायपासच अधिक टिकाऊ मानतात. संसर्ग झालेल्या जागी कृत्रिम आवरण शक्यतो टाळतात.

नंतर रक्त गोठू न देणारी औषधे आणि ठरावीक काळाने डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहण्याची) तपासणी लागते. पाय एकाएकी थंड, पांढरा पडून दुखू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे.