प्रोग्रॅम थांबवण्याची टेस्ट कधी पास, कधी फेल का होते: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सिग्नल हाताळणीची आणि बेभरवशाच्या टेस्टची दुरुस्ती आमच्याकडे सोपवणाऱ्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. बहुतेकांची तक्रार सारखीच असते: प्रोग्रॅम नीट बंद होतो की नाही हे पाहणारी टेस्ट डेव्हलपरच्या लॅपटॉपवर पास होते, बिल्ड सर्व्हरवर, म्हणजे कोड जोडून टेस्ट आपोआप चालवणाऱ्या मशीनवर, अधूनमधून फेल होते, आणि विंडोजवर ती कोणीतरी केव्हाच बंद करून ठेवलेली असते. फेल झालेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवण्याची, म्हणजे रिट्रायची, सोय आता सगळीकडे मिळते आणि मुदत जवळ आली की ती वापरली जातेच. आम्ही काम हाती घेताना सर्वप्रथम ते रिट्राय काढून टाकतो. त्यामुळे पहिले काही दिवस बिल्ड अधिक वेळा लाल, म्हणजे फेल झालेले, दिसेल, याची कल्पना आपल्या टीमला आधीच द्यावी.

या आग्रहामागे कारण आहे. ऑपरेटिंग सिस्टीम प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमला, जी सूचना देते तिला सिग्नल म्हणतात. टर्मिनलवर कंट्रोल-सी दाबले की क्रमांक २ चा सिगइंट जातो, सर्व्हिस बंद करताना क्रमांक १५ चा सिगटर्म जातो, आणि ऐकेनाशा प्रोसेससाठी क्रमांक ९ चा सिगकिल राखून ठेवलेला असतो. तो कोणत्याही प्रोग्रॅमला अडवता येत नाही. पहिल्या दोन्हींसाठी प्रोग्रॅमला स्वतःचे हँडलर फंक्शन, म्हणजे तो सिग्नल आल्यावर चालवायचा कोड, नोंदवता येते. सिग्नल आला की सिस्टीम चालू काम जिथे असेल तिथे थांबवून हँडलर चालवते, आणि अडचण नेमकी या ‘जिथे असेल तिथे’मध्ये आहे. मेमरी वाटणारे फंक्शन त्या क्षणी स्वतःचे लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) धरून अर्ध्यावर असेल आणि हँडलरने लॉगची एक ओळ लिहिण्यासाठी पुन्हा मेमरी मागितली, तर प्रोग्रॅम स्वतःच धरलेल्या लॉकची वाट पाहत कायमचा अडकतो. म्हणूनच हँडलरमधून कोणती फंक्शने बोलवावीत याची यादी पॉसिक्स या युनिक्ससारख्या सिस्टीमसाठीच्या मानकात दिलेली आहे. त्या यादीत थेट बाइट लिहिणारे राइट आहे, पण मजकूर छापणारे प्रिंटएफ आणि मेमरी मागणारे मॅलॉक नाहीत.

ही केवळ पुस्तकी भीती नव्हे. क्वालिस या सुरक्षा कंपनीने १ जुलै २०२४ रोजी ओपनएसएसएच या दूरच्या मशीनवर लॉगिन करण्याच्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हरमधील असाच एक दोष जाहीर केला. लॉगिनसाठी दिलेली मुदत, जी मूळ सेटिंगमध्ये १२० सेकंद असते, संपली की सिगअलार्म हा वेळ संपल्याचा सिग्नल येत असे आणि त्याचा हँडलर सिसलॉग या लॉग लिहिणाऱ्या फंक्शनला बोलावत असे. ग्लिबसी ही सी भाषेची लायब्ररी वापरणाऱ्या लिनक्सवर हे सुरक्षित नसल्याने नेमकी वेळ साधणाऱ्या हल्लेखोराला रूटचे, म्हणजे मशीनवरील सर्वोच्च, अधिकार मिळू शकत होते. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवर हाच हँडलर सिग्नलमध्ये वापरण्यास सुरक्षित असे वेगळे फंक्शन बोलावत असल्याने ती सिस्टीम बचावली. मूळ दोष २००६ मध्येच दुरुस्त झाला होता, ८.५पी१ आवृत्तीत तो नकळत परत आला आणि ९.८पी१ मध्ये पुन्हा काढावा लागला. क्वालिसला ३२-बिट लिनक्सवर ती वेळ साधायला सरासरी सुमारे १०,००० प्रयत्न लागले. दहा हजारांत एकदा फेल होणारी टेस्ट रिट्रायच्या पडद्याआड कोणालाही दिसली नसती, हे येथे ध्यानात घ्यावे.

दुरुस्तीची पद्धत जुनी आणि साधी आहे. हँडलरने केवळ एक खूण करावी किंवा पाइपमध्ये (एका टोकाला लिहिलेले दुसऱ्या टोकाला वाचता येते अशा वाटेत) एक बाइट लिहावा, आणि फाइली बंद करणे, लॉग लिहिणे, डेटाबेसचा व्यवहार पूर्ण करणे ही सारी कामे प्रोग्रॅमच्या मुख्य लूपने आपल्या सोयीने करावीत. लिनक्सवर सिग्नलएफडी आणि मॅकओएसवर केक्यू ही याच विचाराची सिस्टीमने दिलेली रूपे आहेत. पण कोड दोन्हीकडे चालवायचा असेल तर आम्ही साधा पाइपच पसंत करतो, कारण तो दोन्हीकडे सारखाच वागतो.

प्लॅटफॉर्म बदलला की काय बदलते

सिग्नलची नावे सारखी असली तरी क्रमांक सारखे असतीलच असे नाही. नेहमीच्या लिनक्स मशीनवर सिगयूएसआर१ चा, म्हणजे प्रोग्रॅमने हवा तसा वापरावा अशा सिग्नलचा, क्रमांक १० आहे, मॅकओएसवर तो ३० आहे, आणि तेथे १० क्रमांकावर सिगबस हा मेमरीच्या चुकीचा सिग्नल बसलेला आहे. टेस्टच्या स्क्रिप्टमध्ये क्रमांक लिहिलेला असेल तर लिनक्सवर सेटिंग पुन्हा वाचायला लावणारी कमांड मॅकवर प्रोसेसच मारून टाकते. उपाय एवढाच की स्क्रिप्टमध्ये नेहमी नाव लिहावे.

नेहमीच्या सिग्नलांची रांगही लागत नाही. लिफ्टचे बटण तीनदा दाबले तरी लिफ्ट एकदाच येते, तसे तीन चाइल्ड प्रोसेस (एका प्रोसेसने सुरू केलेल्या दुसऱ्या प्रोसेस) एकाच वेळी संपल्या तरी त्या सुरू करणाऱ्या पॅरेंटला चाइल्ड संपल्याचा सिगचाइल्ड एकदाच मिळू शकतो. त्यामुळे प्रत्येक सिग्नलमागे एकच चाइल्ड गोळा करणारा, म्हणजे तिच्या संपण्याची नोंद घेणारा, कोड मोकळ्या मशीनवर बिनबोभाट चालतो आणि गर्दीच्या सर्व्हरवर झोंबी प्रोसेस, म्हणजे संपलेल्या पण गोळा न केलेल्या प्रोसेस, मागे ठेवतो. गोळा करण्यासारखी चाइल्ड उरली नाही असे उत्तर मिळेपर्यंत वेटपीआयडी हे गोळा करणारे फंक्शन लूपमध्ये बोलवावे लागते.

विंडोजवर पॉसिक्सचे सिग्नल मुळातच नाहीत. कन्सोलची कंट्रोल-सी आणि कंट्रोल-ब्रेक ही इव्हेंट आहेत, आणि बाकीचे वरवरचे साम्य आहे. पायथॉन भाषेच्या ओएस.किल या फंक्शनला विंडोजवर सिगटर्म दिला तर हँडलर चालत नाही. प्रोसेस जागीच संपवली जाते आणि १५ हाच तिचा एक्झिट कोड, म्हणजे संपताना मागे राहणारा निकालाचा आकडा, होतो. प्रोसेस संपली की नाही एवढेच तपासणारी टेस्ट येथे खुशाल पास होते, आणि आमच्या मते फेल होणाऱ्या टेस्टपेक्षा ही अधिक घातक आहे. विंडोजसाठी आम्ही प्रोग्रॅम वेगळ्या प्रोसेस ग्रुपमध्ये सुरू करून कंट्रोल-ब्रेक पाठवतो आणि डेटा खरोखर जतन झाला का हे तपासतो.

डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम इतरांपासून वेगळा ठेवून चालवण्याच्या बंदिस्त जागेत, आणखी एक अट लागू होते. तेथील पहिल्या क्रमांकाच्या प्रोसेसने हँडलर नोंदवलेला नसेल तर कंटेनरच्या आतून किंवा बाहेरून आलेल्या सिगटर्मचा तिच्यावर परिणाम होत नाही. कंटेनर थांबवताना डॉकर सिगटर्म देऊन मूळ सेटिंगप्रमाणे १० सेकंद थांबतो आणि मग सिगकिल देतो. आपला कंटेनर दर वेळी बरोबर १० सेकंदांनी बंद होत असेल आणि एक्झिट कोड १३७, म्हणजे १२८ अधिक सिगकिलचा ९, येत असेल तर सिगटर्म वाया जात आहे असे समजावे. बहुधा प्रोग्रॅमऐवजी शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा दुसराच प्रोग्रॅम, पहिल्या क्रमांकावर बसलेले असते आणि ते सिग्नल पुढे देत नाही.

एक प्रकरण जवळून

शेल स्क्रिप्टमध्ये शेवटी & लावून पायथॉनचा सर्व्हर मागे सुरू केला जातो, टेस्ट त्याला सिगइंट पाठवते आणि तो बंद होण्याची वाट पाहते. तोच सर्व्हर टर्मिनलवर तशाच पद्धतीने सुरू केला तर काही अडत नाही. स्क्रिप्टमधून मात्र टेस्ट मुदत संपेपर्यंत लोंबकळते. कोणी मुदत वाढवते, कोणी मशीन बदलते, पण फरक पडत नाही. कारण असे की जॉब कंट्रोल (कमांड पुढे-मागे हलवण्याची शेलची सोय) बंद असलेले शेल, जसे ते स्क्रिप्टमध्ये असते, मागे सोडलेल्या कमांडसाठी सिगइंट आणि कीबोर्डवरूनच पाठवता येणारा सिगक्विट दुर्लक्षित करूनच ती सुरू करते, हे दुर्लक्ष नव्या प्रोग्रॅमकडे वारशाने जाते, आणि पायथॉन सुरुवातीलाच सिगइंट दुर्लक्षित आढळल्यास आपला नेहमीचा हँडलर बसवत नाही. लिनक्सवर प्रोक डिरेक्टरीतील त्या प्रोसेसच्या स्टेटस फाइलमध्ये ‘सिगआयजीएन’ ही ओळ पाहावी. त्या हेक्स आकड्याचा शेवटचा अंक ६ असेल तर निदान झाले, कारण सिगइंटचा बिट २ आणि सिगक्विटचा ४ असतो. टेस्टमध्ये सिगटर्म वापरावा किंवा प्रोग्रॅमने सुरुवातीला हँडलर स्वतः नोंदवावा.

राहिला टेस्टमधील ‘एक सेकंद थांब’. प्रोग्रॅम सुरू करायचा, सेकंदभर थांबायचे आणि सिग्नल पाठवायचा, असे लिहिलेल्या टेस्टमध्ये मशीन मंद असेल तर हँडलर नोंदवण्याआधीच सिग्नल पोहोचतो. अपाची प्रकल्पांतील बेभरवशाच्या टेस्टच्या दुरुस्त्यांचा जो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वर्गीकरण करता आलेल्या दुरुस्त्यांपैकी सुमारे ४५ टक्के अशाच चुकीच्या वाट पाहण्याच्या होत्या. आम्ही प्रोग्रॅमला हँडलर नोंदवल्यानंतर ‘तयार’ अशी ओळ छापायला लावतो आणि टेस्ट त्या ओळीची वाट पाहते. वाट पाहण्याची कमाल मुदत सढळ ठेवतो. ओळ आली की टेस्ट लगेच पुढे जात असल्याने त्यात वेळ वाया जात नाही.

काम देताना तीन गोष्टी आम्हाला लागतात. फेल झालेल्या फेऱ्यांचे पूर्ण लॉग, एक्झिट कोडसह, पाठवावेत. पास झालेल्या एखाद्या फेरीचा लॉग सोबत असल्यास तुलना सोपी होते. बिल्ड सर्व्हरवर टेस्ट कोणत्या कमांडने सुरू होते ती कमांड जशीच्या तशी द्यावी, कारण वरच्या प्रकरणासारखे दोष तिच्यातच दडलेले असतात. आणि बंद होताना प्रोग्रॅमने काय जतन करायचे व त्यासाठी जास्तीत जास्त किती सेकंद घ्यायचे, हे आपल्याकडील जबाबदार व्यक्तीने लेखी कळवावे. हा निर्णय आम्ही आपल्या वतीने घेत नाही. सिगकिल किंवा वीज जाणे यांपुढे कोणताही हँडलर चालत नसल्याने, त्या प्रसंगी डेटा शाबूत राहण्यासाठी फाइल लिहिण्याच्या पद्धतीत बदल करावे लागतात. त्या कामाचा अंदाज आम्ही वेगळा देतो.