रात्रीची मालिका आणि सकाळची आठवण

नोव्हेंबर-डिसेंबरात यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांत कापसाची वेचणी जोरावर असते. कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीच्या ओळींत शिरलेल्या बायांचे हात बोंडांवर चालत असतात आणि बोलणे बहुधा आदल्या रात्रीच्या मालिकेवर चाललेले असते. अशाच एका शेतात यंदा ऐकलेला वाद या लेखाला निमित्त झाला. मालिकेतल्या भांडणात जेवणाचे ताट कोणी फेकले, एवढाच प्रश्न होता. “नाई वो काकू, थे ताट सासूनं फेकलं. म्या सोताच्या डोयानं पाह्यलं,” असे एकीचे म्हणणे होते. “सासू तं तवा देवघरात होती वो माय, ताट नंदेनं फेकलं,” असे दुसरीचे. दुपारी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, भाकरी खायला बसल्यावर एका मुलीने फोनवर तोच भाग लावला, तेव्हा ताट कोणीच फेकलेले नव्हते असे दिसले. ते नायिकेच्या हातून निसटले होते. अधिक विचार करायला लावणारी गोष्ट नंतर कळली. सासूचे नाव घेऊन सर्वांत ठामपणे बोलणाऱ्या बाईंच्या घरी तो प्रसंग सुरू होण्याआधीच लाइन गेली होती. त्यांनी तो पाहिलेलाच नव्हता. सकाळी शेताच्या वाटेवर शेजारणीकडून ऐकला होता.

या बाई खोटे बोलत नव्हत्या. त्यांच्या मेंदूने जे केले ते तुमचा आणि माझा मेंदूही रोज करतो. डोळ्यांनी पाहिलेले डोक्यात चित्रफितीसारखे साठून राहते आणि आठवताना ती फीत पुन्हा फिरते, असा आपला पक्का समज असतो. हा समज चुकीचा आहे, आणि तो चुकीचा ठरवण्याचे बरेचसे काम शास्त्रज्ञांनी चित्रपट आणि चित्रफिती वापरून केले आहे. त्याचे कारण सरळ आहे. बाजारात झालेली मारामारी पुन्हा घडवून पाहता येत नाही, परंतु चित्रफीत शंभर जणांना अगदी सारखी दाखवता येते आणि नंतर कोणाच्या आठवणीत काय बदलले हे मूळ फितीशी ताडून पाहता येते.

१९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताच्या चित्रफिती दाखवल्या. “गाड्या एकमेकींवर आदळून चुराडा झाला तेव्हा त्यांचा वेग किती होता?” अशा धाटणीचा प्रश्न काहींना विचारला, तर इतरांना त्याच प्रश्नात साध्या धडकेचा किंवा नुसता स्पर्श झाल्याचा शब्द घातला. शब्द जितका जोरदार, तितका वेगाचा अंदाज जास्त आला. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारले की फुटलेली काच दिसली होती का. फितीत काच फुटलेली नव्हती. तरीही जोरदार शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी काच पाहिल्याचे सांगितले. सौम्य शब्द ऐकलेल्या ५० जणांत अशांची संख्या ७ होती.

आपल्या शेतातल्या वादाच्या अधिक जवळ जाणारा प्रयोग स्कॉटलंडमधल्या फियोना गॅबर्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी एकच प्रसंग दोन कोनांतून चित्रित केला. जोडीतल्या प्रत्येकाला एकेक कोन दाखवला, मात्र दोघांची समजूत अशी होती की आपण एकच फीत पाहिली. एका कोनातून मुलगी पाकिटातून पैसे काढताना दिसत होती, तर दुसऱ्यातून ते दिसणे शक्यच नव्हते. त्यानंतर जोड्यांना आपसांत बोलू दिले आणि मग प्रत्येकाला एकट्याने जबाब लिहायला सांगितला. बोललेल्यांपैकी ७१ टक्के लोकांनी जबाबात किमान एक अशी गोष्ट लिहिली, जी त्यांनी पाहिलेली नव्हती आणि केवळ जोडीदाराकडून ऐकलेली होती.

एखादी माहिती आपण पाहिली की ऐकली याची नोंद मेंदू वेगळ्या शिक्क्याने करत नाही. मार्सिया जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हे सविस्तर मांडले. आठवण किती स्पष्ट आहे, तिच्यात रंग, आवाज, जागा किती आहे, यावरून मेंदू तिचा स्रोत मागाहून ठरवतो. शेजारीण हातवारे करून, सासूचा आवाज काढून प्रसंग सांगत असेल आणि ऐकणारीने ती सासू, ते घर, तो ओटा रोज पडद्यावर पाहिला असेल, तर ऐकलेल्या प्रसंगाला पाहिलेल्या प्रसंगाचे सगळे रंग चढतात. महिन्याभराने तो ऐकलेला होता हे ओळखण्याची खूण उरत नाही.

आता मला सर्वांत प्रिय असलेल्या भागाकडे येतो. ऐकलेले शब्द पेशींनी बनलेल्या मेंदूतल्या जुन्या आठवणीत शिरतात तरी कसे?

दोन चेतापेशी जिथे एकमेकींजवळ येतात त्या जागेला चेतासंधी म्हणतात. पहिल्या पेशीतून ग्लुटामेट नावाचे रसायन सुटते आणि दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राही रेणूंना चिकटते. हे ग्राही मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एएमपीए ग्राही लगेच उघडतात, सोडियमचे आयन आत येतात आणि पेशी थोडी उद्दीपित होते. एनएमडीए ग्राहीच्या तोंडाशी मात्र मॅग्नेशियमचा आयन अडकलेला असतो. पेशी पुरेशी उद्दीपित झाली तरच तो बाजूला होतो आणि कॅल्शियम आत शिरते. म्हणजे दोन्ही बाजूंच्या पेशी एकाच वेळी सक्रिय असल्या तरच हा दरवाजा उघडतो. कॅल्शियम आत आले की काही विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, जागी होतात, त्या संधीवर आणखी एएमपीए ग्राही आणून बसवले जातात आणि पुढच्या वेळी तोच संदेश अधिक जोराने पोचतो. टिम ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये असे बळकट झालेले संदेश कित्येक तास टिकतात हे दाखवले. हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा, कानशिलाच्या आतल्या बाजूला असलेला, घडलेल्या प्रसंगांच्या आठवणींसाठी अत्यावश्यक भाग आहे. आठवण दिवसच्या दिवस टिकायची असेल तर एवढ्याने भागत नाही. पेशीच्या केंद्रकातली काही जनुके कामाला लागून नवी प्रथिने तयार व्हावी लागतात. या प्रक्रियेला दृढीकरण म्हणतात.

एकदा दृढीकरण झाले की आठवण कायमची बसली, असे बरीच वर्षे मानले जात होते. २००० मध्ये करीम नादर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लेडू यांच्या उंदरांवरच्या प्रयोगाने हे मत हलवले. त्यांनी उंदरांना एक स्वर ऐकवला आणि सोबत पायाला विजेचा सौम्य झटका दिला. उंदीर त्या स्वराला घाबरू लागले. आठवण पक्की झाल्यावर तोच स्वर पुन्हा ऐकवून, म्हणजे भीतीची आठवण जागवून, त्यांनी भीतीशी संबंधित अमिग्डला या भागात प्रथिननिर्मिती थांबवणारे ॲनिसोमायसिन हे औषध सोडले. पुढच्या चाचणीत उंदरांची भीती फार ओसरलेली दिसली. स्वर न ऐकवता औषध दिले तर काहीच बदलले नाही. स्वर ऐकवल्यानंतर सहा तासांनी औषध दिले तेव्हाही बदलले नाही. याचा अर्थ असा की आठवण जागवली की ती काही तासांपुरती पुन्हा कच्ची होते आणि टिकण्यासाठी तिला नवी प्रथिने पुन्हा तयार करावी लागतात. हेच पुनर्दृढीकरण. आठवण जागल्यावर चेतासंधीतली काही जुनी प्रथिने पेशी स्वतःच मोडून टाकते, असेही २००८ मध्ये उंदरांवरच्याच संशोधनातून दिसून आले.

मातीच्या भिंतीवर दिवाळीआधी सारवण घालतात तेव्हा ओल्या मातीवर बोटांचे ठसे उमटतात आणि वाळल्यावर तेच ठसे भिंतीचा भाग होतात. आठवलेली आठवण तशा ओल्या अवस्थेत असते. त्या अवस्थेत कोणी नवा तपशील पुरवला तर तो आत बसण्याची शक्यता असते.

माणसांत याचा धागा अल्मुट हुपबाख आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये शोधला. त्यांनी लोकांना पहिल्या दिवशी २० वस्तूंचा एक संच शिकवला. दोन दिवसांनी काहींना पहिल्या दिवसाची केवळ ओझरती आठवण करून दिली आणि मग सर्वांना दुसरा संच शिकवला. आणखी दोन दिवसांनी पहिला संच विचारला, तेव्हा आठवण करून दिलेल्यांच्या उत्तरांत दुसऱ्या संचातल्या वस्तू मोठ्या प्रमाणात घुसल्या होत्या. आठवण करून न दिलेल्यांच्या उत्तरांत असे जवळपास झाले नव्हते. दुसरा संच शिकल्यावर लगेच विचारले तर ही सरमिसळ दिसत नव्हती. तिला वेळ लागत होता. याच निरीक्षणाचे वेगळे स्पष्टीकरण देणारे शास्त्रज्ञही आहेत. आठवणीचा संदर्भ जागल्याने दोन्ही संच एकमेकांशी जोडले जातात, मूळ आठवण कच्ची होतेच असे नाही, असे ते म्हणतात. वाद चालू आहे आणि उंदराच्या भीतीवरून माणसाच्या मालिकेवर थेट उडी मारू नये हे खरे, परंतु आठवण जागवण्याची वेळ ही तिच्यात बदल होण्याची वेळ असते, याला दोन्ही बाजूंचा आधार आहे.

गटात बसून पाहिलेल्या चित्रपटाचा थेट प्रयोग मिका एडलसन, ताली शारोट, रेमंड डोलन आणि यादिन दुदाई यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. लोकांनी पाच-पाच जणांच्या गटात एक माहितीपटासारखा चित्रपट पाहिला आणि काही दिवसांनी एकेकट्याने प्रश्नांची उत्तरे दिली. पुढच्या भेटीत, मेंदूचे स्कॅन चालू असताना, त्यांना सोबत्यांची म्हणून चुकीची उत्तरे दाखवली. ज्या प्रश्नांची उत्तरे आधी खात्रीने बरोबर दिली होती, त्यांतही जवळपास ७० टक्के वेळा लोक सोबत्यांच्या बाजूने वळले. त्यानंतर त्यांना स्पष्ट सांगण्यात आले की ती उत्तरे सोबत्यांची नव्हतीच, संगणकाने वाटेल तशी घातलेली होती. तरीही सुमारे ४० टक्के चुका कायम राहिल्या. केवळ संकोचाने मान डोलावलेली असती तर संकोच गेल्यावर ती पूर्वपदावर आली असती. कायम राहिलेल्या चुकांच्या वेळी अमिग्डला आणि हिप्पोकॅम्पस एकत्रितपणे अधिक सक्रिय झालेले होते. सोबत्यांचा शब्द आपल्याला मोलाचा वाटतो आणि ते मोल आठवण लिहिणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोचते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

या ठिकाणी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपतीच्या मूर्ती दूध पितात अशी बातमी देशभर पसरली. चमच्यातले दूध पृष्ठताणामुळे मूर्तीच्या ओल्या पृष्ठभागाकडे ओढले जाते आणि खाली ओघळते, हे शास्त्रज्ञांनी तेव्हाच दाखवले होते. भानामतीच्या गोष्टी असोत वा असे चमत्कार, “साऱ्या गावानं पाह्यलं” हा पुरावा म्हणून पुढे येतो. गाव एकमेकांशी बोलून झाल्यावर दिलेल्या शंभर साक्षी शंभर स्वतंत्र पुरावे नसतात. स्मरणशक्तीची भुकटी आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे ‘मिडब्रेन’चे वर्ग विकणारेही मेंदू हे रेकॉर्डिंगचे यंत्र आहे याच समजावर जगतात. पालकांनी या वर्गांवर एक रुपयाही घालवू नये, असे मी मनापासून सांगतो. पट्टी बांधलेले मूल नाकाजवळच्या फटीतून पाहत असते.

आठवण अशी बदलत असल्याने आवडनिवडही बदलते. बार्बरा फ्रेडरिक्सन आणि डॅनियल काहनमन यांनी १९९३ मध्ये लोकांना सुखद आणि किळसवाण्या छोट्या चित्रफिती दाखवल्या. फीत किती वेळ चालली याचा लोकांच्या एकंदर मतावर फार थोडा परिणाम झाला. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांवरच मत बहुतांशी बेतलेले होते. शेतात बोलले जातात ते हेच दोन क्षण. ॲलेक्झांड्रू कुक, जोनाथन कॉपेल आणि विल्यम हर्स्ट यांनी २००७ मध्ये दाखवले की बोलणाऱ्याने एखाद्या गोष्टीतला काही भाग सांगितला आणि त्याच्याशी संबंधित दुसरा भाग सांगितला नाही, तर तो न सांगितलेला भाग ऐकणाराही अधिक विसरतो. ताटाचा प्रसंग आठवडाभर बोलला गेला, तर त्याच भागात सुनेने घरखर्चाचा हिशेब चोख मांडून दाखवला होता हे पाहणारीच्याही मनातून निघून जाते आणि “मालिकेत नुसती भांडणं असतात” असे मत तयार होते.

आपल्याकडच्या कायद्याला या धोक्याची जाण फार आधीपासून आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात स्वतःच्या साक्षीदाराला सूचक, म्हणजे उत्तर सुचवणारे, प्रश्न विचारण्यावर बंधन होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आहे. मात्र गावात धुऱ्यावरून भांडण झाले तर पोलीस पाटील येईपर्यंत सारे पारावर बसून घडलेले एकमेकांना सांगून मोकळे झालेले असतात. जबाब घ्यायचा तर त्या बोलण्याआधी, एकेकाला वेगळे बसवून, “काय झालं ते सांगा” एवढ्याच प्रश्नाने घ्यावा. “कुऱ्हाड कोणत्या हातात होती?” असे विचारले की नसलेली कुऱ्हाडही आठवू लागते.

विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. त्याला एक फोन आणि कागद एवढेच लागते. मुलांनी न पाहिलेल्या मालिकेतला पाच मिनिटांचा तुकडा सर्वांना दाखवावा. अर्ध्या मुलांना लगेच एकेकट्याने सारे लिहायला सांगावे. उरलेल्या अर्ध्यांना आधी चार-चार जणांत दहा मिनिटे बोलू द्यावे आणि मग लिहायला सांगावे. साडीचा रंग, दारातून आधी कोण आले, टेबलावर काय ठेवले होते, असे तपशील दोन्ही गटांच्या कागदांवर शोधावेत आणि तोच तुकडा पुन्हा लावून ताडून पाहावेत. बोललेल्या गटात चारही कागदांवर तीच चूक त्याच शब्दांत आढळली, तर ती पहिल्यांदा कोण बोलले हे त्या चौघांना विचारावे.