अहवाल तयार, पण फायलीत बंद

गाडगीळ अहवालावर कोकणात वर्षानुवर्षं वाद झाले. हा अहवाल लोकांना वाचायला मिळावा म्हणून आधी कोर्टापर्यंत जावं लागलं होतं, हे मात्र आता फारसं कुणाच्या लक्षात नाही.

पश्चिम घाटाच्या पर्यावरणाच्या अभ्यासासाठी पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने मार्च 2010 मध्ये तज्ज्ञ गट नेमला. 31 ऑगस्ट 2011 रोजी अहवाल सादर झाला आणि मंत्रालयातच अडकला. केरळमधल्या एका नागरिकाने माहिती अधिकारात तो मागितला, तेव्हा मंत्रालयाने कलम 8(1)(क) पुढे केलं, म्हणजे राज्याच्या वैज्ञानिक आणि आर्थिक हितांना बाधा येईल म्हणून नकार. जंगलं, नद्या आणि खाणींवरचा अहवाल लोकांनी वाचल्याने देशाचं कोणतं वैज्ञानिक हित बुडणार होतं, कोण जाणे! केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी एप्रिल 2012 मध्ये अहवाल जाहीर करण्याचा आदेश दिला. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि 17 मे रोजी तिथेही हरलं. त्याच महिन्यात अहवाल संकेतस्थळावर आला. सोबत टीप होतीच, की मंत्रालयाने तो अद्याप स्वीकारलेला नाही.

या नऊ महिन्यांत व्हायचं ते नुकसान होऊन गेलं. अहवाल कुणी पाहिलाच नव्हता, त्यामुळे अफवांना रान मोकळं मिळालं.

केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी डिसेंबर 2014 मध्ये आपल्या निधीतून झालेलं संशोधन खुलं ठेवण्याचं धोरण आणलं. पण ते शोधनिबंधांपुरतं. सरकारला अडचणीचे ठरतात ते समित्यांचे अहवाल आणि त्यांवर बोलणारी माणसं. त्यातही सेवेत असलेल्यांचे हात बांधलेले; केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीच्या 1964 च्या वर्तणूक नियमांत सरकारी धोरणावर जाहीर टीका करायला मनाई आहे. गाडगीळ भारतीय विज्ञान संस्थेतून आधीच निवृत्त झाले होते, म्हणून उघडपणे बोलत राहिले.

जानेवारी 2023 मध्ये उत्तराखंडातल्या जोशीमठला हेच पुन्हा घडलं. शहर 12 दिवसांत 5.4 सेंटिमीटर खचल्याचं इस्रोच्या हैदराबाद केंद्राने उपग्रहचित्रांवरून सांगितलं. ती माहिती लगोलग हटवली गेली. संभ्रम पसरतो, असं कारण देत राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 13 जानेवारीला संस्थांना माध्यमांशी न बोलण्याची तंबी दिली. घरांना तडे गेलेली माणसं हॉटेलांत आणि शाळांत राहत होती, पण जमीन किती खचतेय हे सांगायला सरकारी शास्त्रज्ञाला परवानगी नव्हती.

या खचण्यावरचे आठ संस्थांचे अभ्यास उत्तराखंड उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर सप्टेंबरमध्ये बाहेर आले. गाव जुन्या दरडींच्या सैल राडारोड्यावर वसलेलं आहे, असं त्यांत निघालं. 1976 च्या मिश्रा समितीने नेमकं हेच सांगून तिथली अवजड बांधकामं थांबवायला सुचवलं होतं.