जपानी लोककथांवरील व्हिडिओ गेम : परदेशातील आकर्षण

जपानच्या पुराणकथा, भुतेखेते आणि लोकसमजुती यांवर रचलेले व्हिडिओ गेम जपानबाहेरही आवडीने खेळले जातात. मूळ कथा ठाऊक नसलेला खेळाडू त्यांत रमतो, कारण चांगल्या गेममध्ये कथा आधी हाताला कळते आणि मग डोक्याला.

या खेळांचा मोठा ऐवज म्हणजे योकाई. योकाई म्हणजे जपानी लोकसमजुतींतले अद्भुत जीव, नुसते भूत नव्हे. आपल्याकडे मुंजा, हडळ, वेताळ यांची जागा वेगळी, खोड वेगळी, योकाईंचेही तसेच. तोरियामा सेकिएन या चित्रकाराने १७७६ मध्ये त्यांचा सचित्र संग्रहच छापला. कप्पा हा योकाई पाण्यात राहतो, डोक्यावरच्या खळग्यातले पाणी सांडले की त्याचे बळ सरते आणि काकडीसाठी तो जीव टाकतो. अशी खोड गेमला आयता नियम पुरवते. ‘घोस्टवायर: टोकियो’ (२०२२) मध्ये खेळाडू काकडी ठेवतो, दबा धरून बसतो आणि कप्पा खायला आला की मागून जाऊन त्याला धरतो. कप्पाचे नावही न ऐकलेल्या माणसाला त्याची ओळख इथे पक्की होते.

या प्रकारातला सर्वांत देखणा गेम ‘ओकामी’ (२००६). कॅपकॉम या जपानी गेम कंपनीच्या क्लोव्हर स्टुडिओने तो हिदेकी कामिया यांच्या दिग्दर्शनाखाली केला. उच्चार एकच असला तरी ‘ओकामी’चे दोन अर्थ होतात: लांडगा आणि थोर देव. सूर्यदेवी अमातेरासू इथे पांढऱ्या लांडग्याच्या रूपात धावते आणि तिच्या पावलांमागे फुले उमलत जातात. खेळाडूच्या हाती शाईचा कुंचला असतो. रात्रीच्या आकाशात एक वर्तुळ काढले की सूर्य उगवतो. वाळक्या झाडाभोवती काढले की ते बहरते. आठ तोंडांच्या ओरोची या सर्पाला मद्य पाजून मारण्याची कथा ‘कोजिकी’ (इ. स. ७१२) या ग्रंथातली, गेममध्ये ते मद्य खेळाडूलाच त्याच्या तोंडी घालावे लागते. समीक्षकांनी ‘ओकामी’ डोक्यावर घेतला, पण विक्री बेताचीच झाली आणि २००७ मध्ये स्टुडिओ बंद पडला. तरी पुढे नव्या यंत्रांवर तो पुन्हा पुन्हा निघाला आणि २०२४ च्या अखेरीस त्याच्या पुढच्या भागाची घोषणा झाली.

‘योकाई वॉच’ची (२०१३) गोष्ट उलटी. जपानमध्ये मुलांना त्याचे वेड लागले, परदेशात ती लाट तशी उसळली नाही. इंग्रजी आवृत्तीत केइता या मुलाचा नेट झाला आणि साकुरा न्यू टाउनचे स्प्रिंगडेल. जिबान्यान या मांजराचे नाव तेवढे टिकले. पण ‘जिबाकुरेई’ म्हणजे एकाच जागी अडकलेला आत्मा आणि ‘न्यान’ म्हणजे म्यांव, ही गंमत तिथे कोणाला कळणार? गाव जपानीच ठेवले असते तर निदान परकेपणाची ओढ तरी राहिली असती.

‘नियोह’ने (२०१७) दुसरी वाट धरली. त्याचा नायक विल्यम १६०० साली जपानला पोचलेल्या विल्यम अॅडम्स या इंग्रज खलाशावर बेतलेला आहे. तिथले योकाई त्यालाही नवखेच, म्हणून हात्तोरी हान्झो हा निंजा त्याच्यासोबत फिरत त्याला त्या मुलखाची ओळख करून देतो.